कूलंट सेन्सर नवा, थर्मोस्टॅट नवा, तरी पी०११८ येतोच आणि फॅन लागत नाही

घाटवळण
गाडी २०१६ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल सीएनजी किट. लक्षणं अशी:

इंजिन पूर्ण तापलं तरी स्कॅनरवर कूलंट ६२ ते ६६ अंशांच्या वर सरकत नाही. एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवली तर रेडिएटर फॅन लागतच नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर मध्येच चेक इंजिनचा दिवा लागतो आणि फॅन एकदम फुल सुटतो. त्या वेळी कोड पी०११८ (कूलंट सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज जास्त). किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की फॅन परत गप्प. आयडलिंग ९५० ला अडकलंय, असायला हवं ७५०. पेट्रोलवर ॲव्हरेज घसरलंय, प्लग काळे.

याआधी पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) आला होता, त्यावर गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला. पी०११८ आल्यावर सेन्सर बदलला. फरक शून्य. आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असं सांगतायत. तो खर्च करण्याआधी घरी काय काय तपासता येईल? मल्टिमीटर आणि ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल आहे.

वायरमन_काका
ईसीएमला कुणाला हात लावू देऊ नका. ही सगळी लक्षणं वायरिंगकडे बोट दाखवतायत.

पण आधी महत्त्वाचं. स्कॅनरवरचा ६४ हा आकडा खोटा असण्याची दाट शक्यता आहे. फॅन कधी लावायचा हे ईसीएम याच आकड्यावरून ठरवतो. म्हणजे खरं पाणी १०० च्या पुढे गेलं तरी त्याला ते ६५ च वाटणार. डॅशबोर्डवरचा काटासुद्धा हल्ली बहुतेक गाड्यांत ईसीएमकडूनच आकडा घेतो, त्यामुळे तोही तुम्हाला सावध करणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून गाडी चालवा, एसीबरोबर फॅन फिरतो. याच कारणाने हा दोष कित्येकदा महिनोन्महिने लपून राहतो: माणूस एसी लावून फिरतो आणि इंजिन योगायोगाने वाचत राहतं. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सांगायला नकोच.

शंकेखोर
काका, एवढी खात्री कशावरून? थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी ६४ च दिसेल की. बाजारातला नवा थर्मोस्टॅटही बाद निघतो.

वायरमन_काका
बरोबर शंका. फरक असा ओळखायचा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर हायवेवर वारा लागून तापमान पडतं, पण गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की आकडा हळूहळू चढत जातो आणि शेवटी फॅन लागतो. इथे उभ्या गाडीतही आकडा ६६ ला खिळून बसलाय. पाणी गरम होत राहणार आणि आकडा जागचा हलणार नाही, हे थर्मोस्टॅटचं लक्षण नव्हे.

खात्री करायची तर इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान घ्या. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती बंदूक बरंच कमी दाखवते. हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, टेप तापू द्या आणि त्यावर नेम धरा. तिथे ८८-९० आणि स्कॅनरवर ६४ दिसलं तर वाद मिटला.

ओहम
सर्किट कसं चालतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कूलंट सेन्सर हा थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बहुतेक दोन वायरींच्या सेन्सरचे आकडे साधारण असे: २० अंशांना २.५ किलोओहम, ३० ला १.७, ४० ला १.२, ६० ला ६०० ओहम, ७० ला ४३५, ८० ला ३२०, ९० ला २४५ आणि १०० ला १८५ च्या आसपास. ईसीएम स्वतःच्या पोटातल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट या सेन्सरला देतो आणि दोघांच्या मधल्या जागी व्होल्टेज वाचतो. तो आतला रेझिस्टर साधारण १ ते ३ किलोओहमचा असतो. पुढच्या हिशोबासाठी २.२ धरतो.

वायर तुटली तर करंट वाहत नाही, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीएम समजतो की कूलंट उणे ४० अंशांवर आहे. हाच पी०११८. वायर अर्थला चिकटली तर ० व्होल्ट दिसतात, म्हणजे इंजिन भट्टीसारखं तापलंय असा अर्थ लागतो, तो पी०११७. (उणे ४० च का? ओबीडीत कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. बाइट शून्य आला की उणे ४०.)

आता खरी गोम. समजा वायरीच्या एखाद्या सांध्यात गंज चढून ३०० ओहमचा फालतू रेझिस्टन्स तयार झाला. सकाळी थंड इंजिन, खरं तापमान २७ अंश, सेन्सर १.९ किलोओहम. त्यात ३०० मिळवले की २.२, म्हणजे ईसीएमला २३ अंश दिसणार. चार अंशांचा फरक कुणाच्या डोळ्यांत येत नाही. सकाळी कूलंट आणि इनटेक एअरचं तापमान जुळवून बघण्याची जी नेहमीची युक्ती आहे ती इथे पास होते. पण इंजिन ९० ला पोचल्यावर सेन्सर २४५ ओहमवर आलेला असतो. त्यात ३०० मिळवले की ५४५, म्हणजे ६३ अंश! खरं तापमान १०० झालं तरी ४८५ ओहम, म्हणजे ६६-६७. तुमचे ६२ ते ६६ इथे अचूक बसतात.

पुढची साखळी: पाणी ठरलेल्या वेळात तापत नाही असं ईसीएमला वाटतं, म्हणून पी०१२८. इंजिन थंड समजून तो पेट्रोल जास्त देतो आणि आयडलिंग चढं ठेवतो, म्हणून काळे प्लग. खड्ड्यात तोच कुजका सांधा क्षणभर पूर्ण सुटतो, ५ व्होल्ट दिसतात, पी०११८ लागतो आणि ईसीएम सुरक्षेसाठी फॅन फुल चालू करतो. म्हणजे सर्किट पूर्ण तुटतं तेव्हा इंजिन सुरक्षित असतं आणि अर्धवट जोडलेलं असतं तेव्हा धोक्यात.

पाना१९
+१. एक भर घालतो. कोड लागलेला असताना लाइव्ह डेटावर आंधळा विश्वास ठेवू नका. काही ईसीएम सेन्सर बाद ठरवल्यावर स्वतःच्या मनाचा पर्यायी आकडा वापरतात आणि स्कॅनरला तोच दाखवतात. चाचणीआधी फ्रीझ फ्रेम (कोड लागताना ईसीएमने साठवलेली नोंद) वाचून फोटो काढा, मग कोड पुसा. आधी पुसला तर कोड लागला त्या क्षणाचे वेग, आरपीएम वगैरे आकडे त्याच्याबरोबर जातात.

आणि हवा. सीएनजी रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम राहावा म्हणून किटवाले कूलंटच्या होजला टी मारतात. तिथून पाणी गळत असेल किंवा भरताना हवा अडकली असेल तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो. मात्र त्यात आकडा वरखाली उडतो, असा एका जागी चिकटत नाही.

घाटवळण
काळी टेप लावून हाउसिंगवर ८९ मिळाले, त्याच वेळी स्कॅनरवर ६३. आता मीटर कुठे लावू? सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून कंटिन्युइटी बघितली तर बीप येत नाही, पण ओहमवर लावलं की काहीतरी आकडा दिसून उडून जातो.

ओहम
कपलर आता पुन्हा काढू नका. ढिल्या किंवा गंजलेल्या पिनेचा दोष कपलर काढघाल केल्याने घासून तात्पुरता निघून जातो आणि पुरावाच नाहीसा होतो. शिवाय बंद सर्किटवर ओहम मोजण्यापेक्षा चालू सर्किटवर व्होल्टेज ड्रॉप मोजणं कधीही भरवशाचं. बीपवर तर विसंबूच नका, बहुतेक मीटर ३०-५० ओहमपर्यंत बीप देतात, त्यामुळे बीप वाजला म्हणजे वायर चांगली असंही नाही.

डिजिटल मीटरच वापरा. टेस्ट लॅम्प या वायरींवर अजिबात लावायचा नाही, इथे दोन मिलिॲम्पियरचा कारभार आहे आणि बल्ब त्याच्या शेकडो पट ओढतो.

इंजिन तापवून चालू ठेवा, कपलर जोडलेला. कपलरच्या मागून, वायरीच्या रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवा, ती आतल्या टर्मिनलला टेकली पाहिजे. इन्सुलेशनला भोक पाडू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं. मग हे चार आकडे घ्या:

१. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये
२. सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह
३. ईसीएमवर त्याच सर्किटची सिग्नल पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह
४. ईसीएमवर सेन्सर अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह

पिन नंबर तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममधूनच घ्या, अंदाजाने टोचू नका. दुसरा आणि चौथा आकडा ०.०५ व्होल्टच्या आत हवा. पहिला आणि तिसरा जवळपास सारखे हवेत.

घाटवळण
आकडे: पहिला ०.४४, दुसरा ०.५४, तिसरा ०.९८, चौथा ०.०१ व्होल्ट.

दुसरा मोजताना लूम (वायरींचा जुडगा) हलवली. कपलरपासून साधारण बोटभर अंतरावर वायर वाकवली की आकडा उडी मारून थेट ५ च्या जवळ जातो आणि दिवा लागतो.

ओहम
सापडला. ईसीएमच्या टोकाला अर्थ स्वच्छ आहे (०.०१), सेन्सरच्या टोकाला तीच वायर ०.५४ वर तरंगतेय. सिग्नलची वायर निर्दोष, कारण ०.९८ मधून ०.५४ वजा केले की बरोबर ०.४४ उरतात. दोष फक्त अर्थच्या वायरीत, कपलर आणि ईसीएमच्या मध्ये.

हिशोबही जुळतो. ९० अंशांना सेन्सर २४५ ओहम, त्यावर ०.४४ व्होल्ट, म्हणजे करंट १.८ मिलिॲम्पियर. ०.५४ भागिले १.८, म्हणजे बरोबर ३०० ओहम.

शिवाय ही अर्थ ईसीएमकडे जाताना मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) आणि थ्रॉटल सेन्सरच्या अर्थला वाटेत जोडलेली असते. तो सामायिक सांधा खराब असता तर तेही सेन्सर वेडेवाकडे वागले असते. ते ठीक आहेत, म्हणजे दोष फक्त कूलंट सेन्सरच्या फांदीत.

शंकेखोर
ज्यांना ईसीएमपर्यंत हात पोचत नाही त्यांच्यासाठी सोपी चाचणी आहे का?

पाना१९
आहे. सेन्सरचा कपलर काढून दोन पिना छोट्या वायरीने जोडायच्या. किल्ली ऑन, इंजिन बंद. निरोगी सर्किटमध्ये आकडा झटकन १२० च्या पुढे जातो आणि पी०११७ लागतो. वर ३०० ओहमचा दोष आहे तिथे तो ८३ च्या आसपास थांबेल, कारण ईसीएमला ते ३०० ओहमच सेन्सर वाटणार. बहुतेक लोक ही चाचणी करतात, आकडा 'वर गेला' एवढंच बघतात आणि वायरिंगला पास करतात. किती वर गेला ते बघायचं असतं.

त्याहून चांगलं म्हणजे सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावून बघणं. ३३० ओहमचा लावला तर ७९-८० अंश दिसायला हवेत, २.२ किलोओहमचा लावला तर २३ च्या आसपास. पाव वॅटचे रेझिस्टर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिल्लरमध्ये मिळतात. सेन्सर, पाणी, थर्मोस्टॅट, हवा, सगळं या चाचणीतून बाजूला होतं आणि उरतं फक्त वायरिंग आणि ईसीएम.

दोष पिनेच्या पकडीतच असेल तर मात्र या दोन्ही चाचण्या फसू शकतात, कारण कपलर काढताक्षणी पीन घासली जाते. तिथे सेन्सरच्या पिनेच्याच मापाची सुटी पीन मादी टर्मिनलमध्ये सरकवून बघायची. ओढताना हलकी अडकली पाहिजे. सुळ्ळकन निघाली तर टर्मिनल बदला. पॉलिश पेपरने घासू नका, कथलाचा थर निघून गेला की दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

मिशिगनकर
इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक टीप. काही जुन्या जनरल मोटर्स आणि क्रायस्लर गाड्यांमध्ये ईसीएम साधारण ५० अंशांना आतला पुलअप रेझिस्टर (वर २.२ किलोओहम धरलेला तोच) बदलतो. व्होल्टेज हळूहळू खाली येत असताना एकदम वर उडी मारतं आणि पुन्हा उतरू लागतं. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. अशा गाडीवर वरचे व्होल्टेजचे आकडे लावू नका. सेन्सरच्या ओहमचे आकडे आणि अर्थचा व्होल्टेज ड्रॉप तेवढे लागू पडतात.

घाटवळण
लूमची टेप सोडली. कपलरपासून १० सेंटिमीटरवर अर्थच्या वायरीला जुना पीळ मारलेला सांधा निघाला, वर साधी काळी टेप. पीळ पूर्ण हिरवा, बोट लावल्यावर भुकटी पडते. शेजारच्या सिग्नल वायरीच्या इन्सुलेशनवर दातांच्या खुणा, तांबं उघडं नाही. म्हणजे उंदराने कुरतडलेली वायर आधी कुणीतरी जोडून दिलेली दिसते. आता तो भाग कापून पुन्हा पीळ मारून सोल्डर केला तर चालेल?

वायरमन_काका
नुसता पीळ नको आणि तेवढाच भागही कापून पुरणार नाही. हिरवेपणा इन्सुलेशनच्या आतून तारांतून पुढे सरकलेला असतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि दोन्ही बाजूंना तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. काळपट तारेवर सोल्डर धरत नाही आणि क्रिम्पही टिकत नाही.

मध्ये ०.५ चौरस मिलिमीटरची गाड्यांसाठीची वायर टाका. घरगुती वायरिंगची घेऊ नका, तिचं इन्सुलेशन इंजिनच्या उष्णतेत कडक होऊन तडकतं. सांधा बट क्रिम्पने किंवा सोल्डरने करा, दोन्ही चालतं, पण सोल्डर तारांमधून वर चढून वायर जिथे कडक होते तिथेच ती कंपनाने तुटते. त्यामुळे सोल्डर केलेला सांधा मोकळा लटकू देऊ नका, लूमला बांधून टाका. कपलरपासून निदान ४ सेंटिमीटर लांब ठेवा. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह घाला आणि गोंद कडेने बाहेर डोकावेपर्यंत तापवा. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. वायर जोडायच्या आधी स्लीव्ह ओवायला विसरू नका.

दात लागलेल्या सिग्नल वायरीचाही तो तुकडा आत्ताच बदला. दोन वायरींचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका, ३-४ सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. वरून कापडी लूम टेप आणि खाचांची प्लास्टिक नळी. साधी पीव्हीसी टेप उष्णतेने चिकट होऊन सुटते.

शंकेखोर
एवढा खटाटोप कशाला? सेन्सरची अर्थ वायर इंजिन बॉडीला मारून दिली तर पाच मिनिटांचं काम.

ओहम
करू नका. सेन्सरची अर्थ ईसीएमपर्यंत वेगळी नेलेली असते ती याच कारणासाठी. फॅन, हेडलाइट, अल्टरनेटर यांचा मोठा करंट बॉडीतून वाहतो तेव्हा बॉडीची अर्थ ०.१ व्होल्टने सहज हलते. तापलेल्या इंजिनावर या सर्किटमध्ये एक अंश म्हणजे जेमतेम १० मिलिव्होल्ट. म्हणजे ०.१ व्होल्ट हलले की आकडा १० अंश चुकला, आणि तोही फॅन चालू-बंद होण्याच्या नेमक्या टप्प्यावर.

कोकणी_डिझेल
माझ्याकडे उलटा प्रकार आहे, पी०११७, आकडा १४० ला चिकटलेला. यातलं काय लागू पडेल?

पाना१९
आधी सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० ला पडला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे किंवा कपलरमध्ये कूलंट शिरलंय, कपलरमध्ये हिरवा-गुलाबी ओलावा आहे का बघा. कपलर काढूनही १४० च राहिला (कोड पुसून, किल्ली बंद-चालू करून बघा) तर सिग्नलची वायर कुठेतरी अर्थला टेकलीय. एक्झॉस्टजवळ वितळलेली किंवा एखाद्या क्लॅम्पखाली दबलेली वायर शोधा.

घाटवळण
काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही वायरींचे तुकडे बदलले. आता गरम इंजिनावर सेन्सरची अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह ०.०१ व्होल्ट. स्कॅनरवर ८९, टेपवर ८८. एसी बंद ठेवून उभी केली तर ९७ ला फॅन लागतो, ९२ ला बंद होतो. आयडलिंग ७५०. लूम हलवली, खड्ड्यातून नेली, कोड नाही.

जुना सेन्सर जपून ठेवलाय. आता बसवलेला बिनकंपनीचा आहे. जुना परत बसवावा का?

वायरमन_काका
आधी दोन्ही मोजा. जुना सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात फक्त धातूचा भाग बुडेल असा धरा, टोक तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. ४०, ६० आणि ८० अंशांना दोन-दोन मिनिटं थांबून ओहम लिहून घ्या आणि वर ओहम यांनी दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. ८० ला २९० ते ३५० च्या दरम्यान असेल तर जुना सेन्सर निर्दोष. नव्याची परीक्षा टेपवरच्या ८८ आणि स्कॅनरच्या ८९ ने झालेलीच आहे, त्यामुळे तो काढायची घाई नाही. पुढच्या वेळी कूलंट बदलाल तेव्हा कंपनीचा परत बसवा. थंड इंजिनावर, नवा वॉशर टाकून. घट्ट किती करायचा तो टॉर्क मॅन्युअलमधून घ्या, जोर लावला तर पितळी आटे आधी जातात. मग कूलंट भरून हवा काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर टाकीची पातळी पुन्हा बघा, रिड्यूसरच्या होजमधली हवा निघाली की ती हमखास खाली जाते.